गव्हाच्या मुळांवरचे राखणदार

एकाच शेतात लागोपाठ एकच पीक घेऊ नये, फेरपालट करावी, हे तुम्ही शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल. पिकाच्या मुळांवर जगणाऱ्या रोगकारक बुरशीला दरवर्षी आयते अन्न मिळते आणि ती वाढत जाते, हे त्याचे एक कारण. गव्हाचा 'टेक-ऑल' हा असाच एक रोग. नावाचा अर्थ 'सर्व काही नेणारा'. याची बुरशी मुळांत शिरली की मुळे काळी पडतात, पाणी वर चढत नाही आणि ओंब्या दाणे न भरताच पांढऱ्या पडतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात हा रोग फार छळतो.

पण त्याच शेतात दरवर्षी गहूच पेरत गेले, तर काही वर्षे रोग वाढतो आणि मग आपोआप उतरू लागतो! बुरशी आहे, गहू आहे, ओलही आहे. रोग मात्र बेताचा. असे का व्हावे? पुढे वाचण्यापूर्वी विचार करा, तुम्ही याचा छडा कसा लावला असता?

शास्त्रज्ञांनी साधी युक्ती केली. अशा 'बऱ्या झालेल्या' शेतातील थोडी माती त्यांनी बुरशी घातलेल्या दुसऱ्या मातीत मिसळली. तेथेही रोग कमी झाला. मग ती माती आधी ६० अंश सेल्सियसला अर्धा तास तापवून पाहिली, तर तिचा गुण नाहीसा झाला! मातीतील क्षार एवढ्याशा उष्णतेने नाश पावत नाहीत. म्हणजे हा गुण कोणा सजीवाचा असला पाहिजे. कुक आणि रोविरा यांनी १९७६ साली जीवाणूंकडे, विशेषतः स्यूडोमोनास गटाकडे बोट दाखवले.

हे जीवाणू मुळांतून पाझरणाऱ्या रसावर राहतात. काही जाती बुरशीला मारक अशी प्रतिजैविके बनवतात. पण बशीत बुरशी मेली म्हणून मातीतही तसेच होते, असे म्हणता येईल काय? नाही. म्हणून थॉमशॉ आणि वेलर यांनी १९८८ साली एक फार सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. 'फेनाझिन' हे प्रतिजैविक बनवणाऱ्या एका जीवाणूचे त्यासाठी लागणारे जनुक त्यांनी मोडले. जीवाणू जगला, पण गव्हाचे रक्षण पूर्वीसारखे करीना. जनुक पुन्हा दिल्यावर ती शक्ती परतली.

मात्र आपल्या कोड्याचे उत्तर फेनाझिन नव्हे. आपोआप बऱ्या झालेल्या शेतांत दुसरेच प्रतिजैविक बनवणारे स्यूडोमोनास मुळांवर मोठ्या संख्येने आढळले. लागोपाठच्या गव्हामुळे बुरशी वाढली, तसे तिचे हे शत्रूही वाढत गेले होते. त्यांची फौज पुरेशी होईपर्यंतची नुकसानीची वर्षे मात्र शेतकऱ्याला सोसावी लागतात.

मग हे जीवाणू बियाण्यालाच लावले तर? तसेही करतात. पण एका शेतात गुण येतो, दुसऱ्यात येत नाही. ओल, तापमान आणि मातीतील इतर जीवाणू यांवर पुष्कळ अवलंबून असते. आपल्याकडेही स्यूडोमोनासची भुकटी मिळते. पेरणीपूर्वी ती बियाण्याला चोळतात. तुमच्या घरी ती आणली असेल तर उन्हात ठेवू देऊ नका. जीवाणू मेले, तर पुडीत उरेल ती नुसती शंखजिऱ्याची पूड.