अप्पासाहेब पंत : औंध ते नैरोबी

पांढुर्णा-सौंसरचे आम्ही भाषेने मराठी, राज्याने मध्य प्रदेशी. आपल्या माणसांना धरून राहण्याची आम्हांला सवय. म्हणून हा अभ्यास घेतला आहे. औंधच्या राजांनी १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने, कारभार प्रजेच्या हाती दिला. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पुढे तेथे मुख्य प्रधान झाले आणि १९४८ साली भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीस गेले. तेथे राज्य गोऱ्यांचे, मधल्या पायरीवर भारतीय व्यापारी, तळाशी आफ्रिकी. आपल्या व्यापाऱ्यांपुरते पाहिले असते तरी कोणी बोल लावला नसता. अप्पासाहेबांनी त्यांनाच आफ्रिकी जनतेच्या बाजूने उभे राहावयास सांगितले, जोमो केन्याटांशी स्नेह जोडला. (सर्वांना ते रुचले असेल असे आम्हांला वाटत नाही.) इंग्रज सरकार रुष्ट झाले. १९५४ साली अप्पासाहेबांना नैरोबी सोडावी लागली. केन्याटा तेव्हा तुरुंगात होते.