शालेय भोजनाच्या पाककृती स्पर्धेसाठी पदार्थांची निवड

प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेखाली शाळांतील स्वयंपाकी-तथा-मदतनीस यांच्यासाठी पाककृती स्पर्धा भरविल्या जातात. अशा स्पर्धेचे चित्रीकरण होऊन ते दूरचित्रवाणीवर दाखविले जाणार असेल, तर शाळेत उत्साह संचारणे स्वाभाविक आहे. त्याबरोबरच प्रश्न उभा राहतो, तो पदार्थ कोणता करावयाचा हा. काजू-पनीर घालून सजविलेले ताट पडद्यावर शोभून दिसते. परंतु दुसऱ्या दिवशी ते मुलांपुढे येणार नसेल, तर त्या बक्षिसाचा मुलांना लाभ कोणता? सकाळी केवळ चहा पिऊन शाळेत येणाऱ्या मुलाला शाळेतील भोजन हेच दिवसातील पहिले पोटभर अन्न असते. स्पर्धा त्याच्यासाठी आहे, याचे विस्मरण होऊ नये. म्हणून जो पदार्थ शाळेच्या शिध्यातून, शाळेच्या चुलीवर, नेहमीच्या वेळेत, सर्व मुलांसाठी होऊ शकेल तोच स्पर्धेत मांडावा.

पडद्यावरील एक प्रयोग

या बाबतीत इंग्लंडमधील एक उदाहरण उद्बोधक आहे. सन २००५ मध्ये तेथील चॅनेल फोर या वाहिनीवर ‘जेमीज स्कूल डिनर्स’ ही मालिका दाखविण्यात आली. जेमी ऑलिव्हर हे नामवंत बल्लवाचार्य लंडनच्या ग्रिनिच भागातील किडब्रुक शाळेच्या स्वयंपाकघरात दाखल झाले. तेथे दर मुलामागे जिन्नसांसाठी अवघे ३७ पेन्स मिळत. उपाहारगृहात वाखाणले जाणारे त्यांचे पदार्थ तेथील मुलांनी प्रारंभी नाकारले. ताज्या भाज्या चिरण्या-शिजविण्यामुळे नोरा सँड्स व त्यांच्या सहकारी स्त्रियांचे काम वाढले. चिकाटीने बदल करीत गेल्यावर हळूहळू मुले नवे अन्न खाऊ लागली. या मालिकेने लोकमत जागे झाले, २ लाख ७१ हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज पंतप्रधानांकडे गेला आणि शासनाने २८ कोटी पौंडांची तरतूद जाहीर केली. तात्पर्य, पाककौशल्य कितीही थोर असले तरी पैसा, वेळ आणि मुलांची आवड या तीन गोष्टींपुढे त्याला नमते घ्यावे लागते. आपल्या निवडीतही याच कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी : शिधा

योजनेनुसार इयत्ता १ ली ते ५ वीच्या मुलास एका भोजनातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावयास हवीत. त्यासाठी धान्य १०० ग्रॅम, कडधान्य किंवा डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम व तेल ५ ग्रॅम असे प्रमाण आहे. इयत्ता ६ वी ते ८ वीसाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने अपेक्षित असून जिन्नसांचे प्रमाण दीडपट आहे. पाचवीपर्यंतच्या शाळेत ६० मुले जेवत असतील, तर ६ किलो धान्य, १ किलो २०० ग्रॅम डाळ, ३ किलो भाजी आणि ३०० ग्रॅम तेल यांतून पदार्थ बसला पाहिजे. स्पर्धेत चार जणांपुरता पदार्थ करावयाचा असला, तरी हा हिशेब आधी कागदावर मांडावा. भाजीची उणीव शाळेच्या परसबागेतील पालक, मेथी किंवा शेवग्याच्या पाल्याने भरून काढता येते.

दुसरी कसोटी : वेळ

ज्वारी, बाजरी व नाचणी ही धान्ये गुणकारी आहेत. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते फारच थोडे असते. परंतु भाकरीचा विचार करताना घड्याळ पाहावे. एका तव्यावर एक भाकरी होण्यास तीन मिनिटे धरली, तरी ६० भाकऱ्यांना तीन तास लागतील. त्याच ज्वारीच्या कण्या डाळ-भाजीसह एका पातेल्यात शिजविल्या तर काम सुकर होते. मटकीची उसळ करावयाची असल्यास भिजविणे व मोड आणणे यांसाठी दोन दिवस आधी आखणी हवी. मोड आल्याने कडधान्यातील क जीवनसत्त्व वाढते. वरून लिंबू पिळल्यास अन्नातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. असा पदार्थ साधा असूनही परीक्षकांना त्याचे मोल सांगता येते.

तिसरी कसोटी : मुलांची आवड

पौष्टिक अन्न ताटात राहिले तर त्याचे पोषण कोणाला? स्पर्धेपूर्वी निवडलेला पदार्थ निदान दोनदा शाळेच्या भोजनात करून पाहावा. किती मुलांनी पुन्हा मागून घेतला, किती ताटांत उरला आणि नेमके काय बाजूला काढले गेले, याची नोंद शिक्षकांनी ठेवावी. पालकाची पाने निवडून काढली जात असतील, तर ती बारीक चिरून वरणात शिजवावीत. मुलांना वाढण्यापूर्वी अन्नाची चव शिक्षकाने घ्यावयाची असतेच. त्या वेळी तिखट-मिठाचा विचार मोठ्यांच्या नव्हे, पहिलीतील मुलाच्या जिभेने करावा.

स्वयंपाक करणाऱ्या ताईंचा अधिकार

निवडीच्या बैठकीत मुख्याध्यापक व शिक्षक बोलतात आणि रोज चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या ताई गप्प राहतात, असे होऊ देऊ नये. पातेल्याचा तळ केव्हा लागतो, कोणती डाळ उशिरा शिजते आणि कोणते मूल भाजी टाकून उठते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. पदार्थ त्यांनी सुचवावा. शिक्षकांनी प्रमाण व पोषणमूल्य यांचा हिशेब जुळवून द्यावा. चित्रीकरणाच्या वेळीही पदार्थाची माहिती त्यांनीच आपल्या बोलीत सांगावी. दुसऱ्याने लिहून दिलेली वाक्ये पाठ करावयास लावू नयेत. ज्या हातांनी अन्न रांधले, त्यांचाच तो मान आहे.

केंद्रसंमेलनात चर्चेसाठी

१. आपल्या शाळेच्या पटानुसार एका पदार्थाचे जिन्नस व लागणारा वेळ यांचा तक्ता तयार करा.
२. मुले कोणता पदार्थ ताटात टाकतात? त्याची कारणे मुलांना विचारून नोंदवा.
३. मागील स्पर्धेतील पदार्थ त्यानंतर शाळेत किती वेळा शिजला? शिजला नसल्यास अडचण कोणती?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक शाळेने प्रांजळपणे द्यावे. स्पर्धेतील निवड योग्य होती की नाही, याचा निर्णय त्यातूनच होईल.