विषारी धूर, कामगार आणि वनौषधी



ग्वाल्हेरहून मालनपूर व बानमोर येथील कारखान्यांत नित्य कामास जाणारे लोक पुष्कळ आहेत. शहरातही वेल्डिंगची दुकाने, ओतकामाच्या भट्ट्या, रंगकामाच्या लहान शाळा आहेत. अशा ठिकाणी राबणाऱ्या अनेक घरांत एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कामावरून आल्यावर गुळाचा खडा खावा, पेलाभर दूध प्यावे, अडुळशाचा किंवा तुळशीचा काढा घ्यावा, म्हणजे धूर बाधत नाही. ही समजूत कितपत खरी आहे? प्रश्न क्षुल्लक नव्हे. ती खरी असेल तर गरिबाला परवडणारा उपाय घरातच आहे. आणि खोटी असेल तर तिच्या भरवशावर एखाद्या घरचा कर्ता पुरुष रोज थोडे थोडे विष घेत राहील.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊ. ज्याला आपण सरसकट ‘धूर’ म्हणतो त्यात तीन निरनिराळ्या वस्तू असतात. पहिली धूळ, म्हणजे दगड, कापूस, कोळसा यांचे कण. दुसरी धातूचा धूर. धातू तापून त्याची वाफ होते आणि ती थंड होताना तिचे अतिसूक्ष्म कण बनतात. वेल्डिंगच्या वेळी दिसतो तो हाच. तिसरी वायू, क्लोरीन, अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड हे त्या जातीचे. नाकातील केस व श्वासनलिकेतील चिकट स्राव मोठे कण अडवितात. परंतु मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात, अशा सुमारे पाच मायक्रॉनांहून लहान कण फुप्फुसाच्या अगदी तळाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. वायूला तर कोठेच अडसर नाही. श्वासावाटे आत गेलेली वस्तू पोटात जात नाही, ती फुप्फुसात जाते. आणि गूळ, दूध, काढा हे पोटात जातात. एवढा एक भेद ध्यानी धरला म्हणजे पुढील विवेचन सोपे होईल.

धंदा आणि रोग यांचा संबंध इटलीतील रामाझिनी या वैद्याने इ. स. १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विस्ताराने मांडला. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर ‘तुझा धंदा कोणता?’ हेही वैद्याने विचारावे, असा त्याचा आग्रह होता. या प्रश्नाचे महत्त्व समजण्यास आपल्याला इटलीत जाण्याचे कारण नाही. पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानात मोडणारे मंदसोर हे गाव पाटीवरच्या पेन्सिलींसाठी प्रसिद्ध होते. तेथे दगड आरीने कापून पेन्सिली करीत, आणि ती गारगोटीयुक्त धूळ कापणाऱ्यांच्या छातीत साठे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेने या कामगारांची तपासणी केली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस जडल्याचे आढळले. या रोगात फुप्फुसावर वण पडून ते घट्ट होत जाते, आणि पडलेला वण कोणत्याही औषधाने पुसला जात नाही. ज्या पेन्सिलीने मुलांनी ‘श्री’ गिरविला तिची किंमत कोणीतरी आपल्या श्वासाने चुकविली होती, हे आपण विसरू नये.

आता घरगुती उपायांकडे वळू. गूळ खाल्ल्याने धूळ बाधत नाही, या समजुतीची परीक्षा लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी उंदरांवर केली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार गूळ दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसांतून कोळशाचे व सिलिकाचे कण लसीका-ग्रंथींकडे अधिक प्रमाणात वाहून नेले गेले. म्हणजे लोकसमजुतीत काही तथ्य असू शकते. परंतु हा प्रयोग उंदरांवर झाला, धुळीसंबंधी झाला आणि कण शरीराबाहेर न जाता ग्रंथींत गेले. विषारी वायूबद्दल तो काहीच सांगत नाही.

अडुळशाचे तसे नाही. त्याचा गुण खरा आहे. त्याच्या पानांत वॅसिसीन नावाचे द्रव्य असते, आणि त्याच्याच धर्तीवर ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारे आधुनिक औषध तयार झाले. अडुळशाने कफ सुटतो, ज्येष्ठमधाने घशाची आग शमते. पण कफ सुटणे वेगळे आणि विष उतरणे वेगळे.

दुधाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. जस्त किंवा पितळ वितळविणाऱ्यांना संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. दूध प्यायले की दुसऱ्या दिवशी तो उतरतो, असा अनुभव सांगतात. वस्तुतः तो ताप एक-दोन दिवसांत आपोआपच उतरतो. श्रेय मात्र दुधाला मिळते. शिशाचे काम करणाऱ्याला दूध, कडधान्ये, पालेभाज्या अवश्य मिळाव्यात, कारण ज्याच्या आहारात चुना व लोह कमी त्याच्या आतड्यातून शिसे अधिक शोषले जाते. तथापि धुरावाटे छातीत जाणाऱ्या शिशाला दूध अडवीत नाही. येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल आढळला. शिशाने पीडित झालेल्याने अज्ञात पुडी घेणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

वायूचा अनुभव आपल्याच प्रांताला फार महाग पडला. १९८४ च्या डिसेंबरात, २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री, भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य कारखान्याभोवतीच्या गरीब वस्त्यांत राहणारी होती. त्या रात्री कोणतीही वनस्पती उपयोगी पडणारी नव्हती; उपयोग झाला असता तो तोंडावर धरलेल्या ओल्या फडक्याचा आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जाण्याच्या सूचनेचा. पुढे १९९६ साली तेथे ‘संभावना’ हा विनामूल्य दवाखाना सुरू झाला. त्याने आधुनिक औषधांना आयुर्वेद व योगासने यांची जोड दिली आणि स्वतःच्या बागेत औषधी वनस्पती लावल्या. वर्षानुवर्षे धाप, खोकला व अंगदुखी सोसणाऱ्यांना त्यांचा आधार मिळाला. वनौषधींचे योग्य स्थान यावरून स्पष्ट होते: त्या मागाहून येणारी परिचारिका आहेत, दारावरचा पहारेकरी नव्हेत.

मात्र पहारेकरी होऊ शकेल अशी एक वस्तू वनस्पतिसृष्टीने दिली आहे, आणि ती आम्हां कोकणपट्टीच्या लोकांच्या घरी उकिरड्यावर पडलेली असते. ती म्हणजे नारळाची करवंटी! १९१५ च्या एप्रिलात पहिल्या महायुद्धात ईप्र येथे क्लोरीनचा हल्ला झाल्यानंतर वायुरोधक मुखवट्यांचा शोध जोराने सुरू झाला, आणि करवंटीपासून केलेला खास कोळसा त्यासाठी उत्तम ठरला. अशा एक ग्रॅम कोळशातील छिद्रांचे एकूण पृष्ठ सुमारे १,००० चौरस मीटर भरते. त्यावर वायूचे कण चिकटून राहतात. तरीही तो कार्बन मोनॉक्साइडला अडवीत नाही. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने जखडतो. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून निजणाऱ्यांचा घात करणारा तो हाच. त्यावर उपाय एकच: मोकळी हवा आणि त्वरित रुग्णालयातील प्राणवायू.

तर मग खरे संरक्षण कोणते? त्याचा क्रम ठरलेला आहे. शक्य तर विषारी द्रव्याऐवजी निरुपद्रवी द्रव्य वापरावे. ते न जमल्यास धूर जेथे उत्पन्न होतो तेथेच तो नळीने ओढून बाहेर न्यावा. दगड कापताना पाणी सोडावे. त्यानंतर मुखवट्याचा क्रम, आणि तोही त्या त्या विषाला योग्य असा. साधा रुमाल वायूला अडवीत नाही. काढ्याचा क्रम सर्वांच्या शेवटी. धूर उगमापाशीच काढून घ्यावा, असे आपल्या देशाच्या १९४८ च्या कारखाने कायद्याने मालकांना सांगितले होते, आणि भोपाळनंतर १९८७ साली कामगाराला धोक्याची माहिती देण्याचे बंधन त्यात घालण्यात आले. त्या कायद्याची जागा घेणारी संहिता संसदेने २०२० मध्ये संमत केली. म्हणून पंखा व नळी मागणे ही याचना नसून तो हक्क आहे. गूळ वाटून पंख्याचा खर्च वाचविणाऱ्या मालकाचे औदार्य फसवे समजावे.

आपल्यापैकी ज्यांचे वडील, काका वा भाऊ अशा कामावर जातात त्यांनी घरी तीन गोष्टी अवश्य सांगाव्यात. जेवणापूर्वी हात-तोंड स्वच्छ धुवावे. कामाचे कपडे घरात आणून झटकू नयेत, कारण त्यांवरील शिसे लहान भावंडांना बाधते. आणि खोकला पंधरा दिवसांहून अधिक टिकल्यास डॉक्टरकडे जावे व तेथे त्यांनी न विचारताही आपला धंदा सांगावा. आजीचा काढा प्रेमाने घ्यावा, त्याला नाही म्हणण्याचे कारण नाही. पण त्याच्यावर पहाऱ्याचे काम सोपवू नये.