पेन्सिल जाईल एवढी फट

मोशीत एक तरुण कामगार राहतो. चाकणच्या एका कारखान्यात तो कामाला आहे. सकाळी सातची पाळी. रोज तो पुणे-नाशिक रस्त्याने सायकलवर जातो. इंद्रायणीचा पूल ओलांडला की पुढे चाकणची वाट.

सायकल त्याने जुनी विकत घेतली. वाकडे हँडल, बारीक टायर, वजनाला हलकी. पण तिला मडगार्ड नव्हते. पावसाळा लागला. चाकाचे पाणी पाठीवर उडू लागले, चिखल तोंडावर उडू लागला. कामावर पोचेपर्यंत कपडे ओलेचिंब!

त्याने बाजारातून पत्र्याचे मडगार्ड आणले. जागा कमी होती. तरी ठोकून ठोकून बसवले. चाक फिरले. त्याला वाटले, झाले काम!

दोन दिवसांनी जोराचा पाऊस झाला. कारखान्याजवळचा रस्ता खोदलेला होता. काळी चिकट माती टायरला लागली आणि मडगार्डमध्ये भरत गेली. पुढचे चाक एकदम थांबले. गडी हँडलवरून खाली पडला. मागून ट्रक येत होता. ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक दाबला, म्हणून गुडघ्यावर निभावले.

संध्याकाळी तो सायकल मिस्त्रीकडे गेला.

“मिस्त्री, मडगार्ड तर नवं आहे. मग चाक अडकलं कसं?”

“अरे बाबा, मडगार्ड नवं असून काय उपयोग? फट कुठं आहे?” मिस्त्री म्हणाला. “१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. त्या काळची कामगाराची सायकल म्हणजे उंच, काळी सायकल. तिच्या चिमट्यात जागा भरपूर. मडगार्ड धरूनच ती बनवलेली. तुझी सायकल पळण्यासाठी केलेली आहे. टायर आणि ब्रेक यांच्यात जागा थोडी.”

“मग काय करायचं?”

“आधी वाचायचं. टायरच्या बाजूला आकडे असतात. तुझ्या टायरवर ७०० आणि २८ आहे. २८ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. मडगार्ड टायरपेक्षा ८ ते १० मिलिमीटर रुंद हवं. त्याहून अरुंद घेतलं तर पाणी बाजूनं उडतं. आता खिशातली पेन्सिल दे.”

मिस्त्रीने टायर आणि ब्रेक यांच्यामध्ये पेन्सिल घालून पाहिली. ती गेली नाही.

“पेन्सिल साधारण ७ मिलिमीटर जाड असते. ती सहज गेली, तर प्लॅस्टिकचं पातळ मडगार्ड ब्रेकखालून नेता येतं. नाही गेली, तर दोन वाटा. एक, थोडा बारीक टायर घालायचा. मात्र तो रिमला चालला पाहिजे. दुसरी, ब्रेकपाशीच संपणारं आखूड मडगार्ड घ्यायचं. ते रबरी पट्ट्यांनी चिमट्याच्या पायांना बांधतात. ब्रेकखालची जागा मोकळी राहते. पाणी थोडं उडतं, पण चाक अडकत नाही.”

त्याने दुसरी वाट धरली. आता तो कोरड्या शर्टाने यंत्रापुढे उभा राहतो.

मडगार्ड बसवताना एवढे पाहा :

१. बोल्टचे डोके आत, टायरकडे ठेवा. नट बाहेर ठेवा. बोल्टचे टोक आत आले तर टायर कापते.
२. आधाराच्या तारा घट्ट आवळा. बाहेर आलेले टोक कापा.
३. चाक उचलून फिरवा. घासल्याचा आवाज येता कामा नये.
४. सायकल उभी असताना हँडल वळवा. बूट पुढच्या मडगार्डला लागत असेल, तर ते वर घ्या. नाहीतर वळणावर पडाल.
५. चिकट चिखल दिसला तर उतरा. सायकल उचलून न्या. अडकलेली माती चाक थांबवून काडीने काढा. चालत्या चाकात हात घालू नका.

दहा मिनिटे उशीर झाला तर एक खाडा पडेल. पण चाक अडकले तर हात-पाय मोडेल, आणि घर कोण चालवील?

सांगा पाहू :

१. चाक कशामुळे थांबले?
२. तुमच्या सायकलच्या टायरवर कोणते आकडे आहेत? वहीत लिहा.
३. तुमच्या सायकलच्या फटीतून पेन्सिल जाते का?