पाण्याचा काठ राखा, मासा राहील



आज मांजरा नदीबद्दल थोडं समजून घेऊ. बीड जिल्ह्यात पाटोद्याकडे बालाघाटच्या डोंगरात उगम पावून ही नदी लातूर, बीदर करत तेलंगणात जाते. तिथे संगारेड्डीजवळ, हैदराबादपासून साधारण 50 किलोमीटरवर, मांजिरा अभयारण्य आहे. 1978 साली मगरींसाठी राखलेली ही पाणथळ जागा. इथलंच पाणी हैदराबादला प्यायला जातं.

2016 चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. खाली सिंगूर धरणही आटलं. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तीच नदी दुथडी भरून वाहिली. हवामान बदल म्हणतात तो हाच. आधी महिनोन्‌महिने कोरडं, मग चार दिवसांत सगळा पाऊस.

याचा आपल्या धंद्याशी संबंध काय?

1. आपली मरळ काठच्या उथळ पाण्यात, गवत-लव्हाळ्यात अंडी घालते. नर पिल्लांची राखण करतो. काठ आटला किंवा नांगरला की घरटंच गेलं. हीच मरळ तेलंगणाचा राज्यमासा आहे.

2. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना दिसले तर समजावं, पाणी गुदमरतंय.

3. काठची झाडं-गवत गाळ अडवतात. ती काढली की पहिल्याच पुरात गाळ तळ्यात येतो आणि पाण्याची खोली कमी होते.

अभयारण्याची राखण वनखातं करेल. आपल्या तलावाची राखण कोण करणार? आपणच.

- पावसाच्या सुरुवातीला, माशांच्या विणीच्या काळात जाळं बंद. बारीक आसाचं जाळं तर कधीच नको.
- उन्हाळ्यात सगळ्यात खोल डोह सोडून द्यायचा. पुढच्या वर्षीचं बियाणं तिथेच वाचतं.
- गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्यांशी बोलायचं. तिथे मारलेलं औषध पहिल्या पावसात आपल्याच पाण्यात उतरतं.
- थाई मांगूर सोडायचा नाही. त्यावर बंदी आहे, आणि तो बाकीचे मासे खातो.

दोन महिने जाळं बंद म्हणजे घरात ओढाताण, हे मला माहीत आहे. माझ्याही घरी होते. पण कर्ज काढून सोडलेली बोटुकली एकदा आटलेल्या तलावात मेलेली पाहिली, की हे दोन महिने स्वस्त वाटतात.

कोणता डोह राखायचा, हे येत्या बैठकीत ठरवू. घरातल्या बायकांनीही यावं, घरखर्चाचा हिशोब त्यांनाच नीट माहीत असतो.

आपला,
सचिव