सत्याची साक्ष : आजच्या दोन आक्षेपांविषयी अभ्यासपाठ

शास्त्रपाठ : योहान ९:१–४१, अनुवाद २६:१–११.

मुख्य शिकवण : साक्षीदार स्वतःच्या अनुभवाचे बोलतो, परंतु स्वतःपुरते बोलत नाही.

खेड्यापाड्यांतील आमच्या मंडळ्यांची पुष्कळ मुले शिक्षणाकरिता व चाकरीकरिता मुंबईस जातात आणि नाताळात घरी आली म्हणजे उपदेशकांस प्रश्न विचारतात. हे प्रश्न बहुधा दोन प्रकारचे असतात. एक म्हणतो, “ख्रिस्त मेलेल्यांतून उठला हे सिद्ध करून दाखवा.” दुसरा सौम्यपणे म्हणतो, “तुमच्यासाठी ते खरे असेल. माझे सत्य वेगळे आहे.” पहिल्याशी वाद तरी घालता येतो. दुसरा हसून सर्व कबूल करतो आणि उपासनेस येत नाही. पहिल्याच्या विचारसरणीस विद्वान लोक आधुनिक म्हणतात व दुसऱ्याच्या विचारसरणीस उत्तराधुनिक. नावे अवघड असली तरी गोष्ट अवघड नाही.

एक दृष्टांत

मुंबईच्या उपनगरांत, कांदिवलीच्या पश्चिमेस, चारकोप हे जुने गाव आहे. १९८५ साली जागतिक बँकेच्या कर्जाने जी नागरी विकास योजना हाती घेण्यात आली, तीत तेथे नवी वस्ती आखली गेली. सरकारने रस्ते, पाणी, गटारे व लहान लहान भूखंड सिद्ध करून दिले; घर मात्र ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे उभे करावयाचे होते. आधुनिक मनुष्य जणू त्या वस्तीचा नकाशा पाहतो व म्हणतो, जे मोजता येते आणि सर्वांस सारखे लागू पडते तेच खरे. उत्तराधुनिक मनुष्य घरे पाहतो व म्हणतो, ज्याचे घर त्याचे; दुसऱ्याने बोलू नये. दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य आहे. परंतु नकाशात कोणी राहत नाही. आणि सामाईक गटार तुंबले म्हणजे दुर्गंधी प्रत्येक घरात शिरते.

पहिला आक्षेप आपल्या परिचयाचा आहे

१८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी व मिशनरी लोक यांचे जाहीर वादविवाद झाले. उभय पक्षांत मोठे अंतर होते, तरी एका गोष्टीवर दोघांची एकवाक्यता होती : सत्य एक आहे आणि बुद्धीने त्याचा निवाडा करता येतो. पंडिता रमाबाईंचा १८८३ साली बाप्तिस्मा झाला, त्यानंतरही कोणी वडीलधारे सांगतात एवढ्यावरून एखादे मत स्वीकारण्यास त्या तयार नव्हत्या. स्वतः शास्त्र वाचून पाहावे हा त्यांचा बाणा होता, आणि पुढे त्यांनी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून सबंध शास्त्राचे मराठी भाषांतर केले. तेव्हा चौकस बुद्धीला भिण्याचे मंडळीस कारण नाही. प्रेषित पौलही पुनरुत्थानाविषयी लिहिताना पाचशेंहून अधिक बंधूंचा उल्लेख करतो व त्यांपैकी बहुतेक हयात आहेत असे कळवितो (१ करिंथ १५:६). ज्याला शंका असेल त्याने जाऊन विचारावे, असाच त्याचा अर्थ आहे.

दुसरा आक्षेप कोठून आला?

विद्या वाढली की मनुष्यजात सुधारेल, अशी आधुनिकांची आशा होती. दोन महायुद्धांनी व १९४५ सालच्या हिरोशिमाने त्या आशेस तडा गेला. १९७९ साली ल्योतार नामक फ्रेंच तत्त्ववेत्त्याने दाखवून दिले की, सर्व जगाचा अर्थ एकाच कथेत सांगणाऱ्या मोठ्या सिद्धांतांवरील विश्वास आता उडाला आहे. “तुमचे सत्य कोणाच्या फायद्याचे?” असे तेव्हापासून विचारले जाऊ लागले.

या प्रश्नाने मंडळीचे हितही झाले. आपल्याकडील ख्रिस्ती ईश्वरविद्या बहुतांशी उच्चवर्णीयांच्या विचारांवर रचली गेली होती. गावकुसाबाहेरील आपल्या पूर्वजांचे दुःख तिच्यात क्वचितच आले. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी हे उघड बोलून दाखविले आणि दलित ईश्वरविद्येचा पाया घातला. पुढे त्यांनी अनुवादाच्या २६व्या अध्यायाचा आधार घेतला. तेथे इस्राएली मनुष्य आपल्या भटक्या पूर्वजाची व मिसरातील जाचाची कथा सांगून देवाचे उपकार कबूल करतो. ती कथा त्याच्या घरची आहे. परंतु तिच्यातला देव त्याच्या घरापुरता नाही.

येथेच सावध राहिले पाहिजे. प्रत्येकाचे सत्य वेगळे व सारखेच मान्य असेल, तर पाणवठ्यावरून हाकलणाऱ्याचेही ते सत्यच ठरते, मग त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. आंबेडकरांबरोबर जे चवदार तळ्याचे पाणी प्याले, त्यांनी आपल्यापुरते निराळे सत्य मागितले नाही. मनुष्य म्हणून सर्वांस लागू असलेला हक्क बजावला. सत्य सर्वांसाठी एक नसेल तर दुर्बलाच्या हाती दाद मागण्याचे साधनच उरत नाही.

जन्मांध मनुष्याचे उत्तर

आता योहान ९ लक्षपूर्वक वाचावे. परूशी त्या मनुष्यास येशूविषयी निर्णय देण्यास सांगतात. जे त्याला ठाऊक नाही ते तो ठाऊक नाही म्हणतो. पण आपण आंधळे होतो व आता पाहतो, या एका गोष्टीवरून तो हटत नाही. हे केवळ माझे मत आहे, असे म्हणून तो सुटका करून घेत नाही. उलटतपासणी होते तेव्हा तो बुद्धीने उत्तर देतो. त्याचे आईबाप भयाने गप्प राहतात. त्याला मात्र बाहेर घालवून देण्यात येते. आणखी पाहा, त्याचे ज्ञान पायरीपायरीने वाढते : प्रथम येशू नावाचा मनुष्य, मग संदेष्टा, मग देवापासून आलेला, आणि शेवटी नमन करण्यास योग्य असा प्रभू (वचने ११, १७, ३३, ३८).

हीच साक्ष होय. सिद्ध करा म्हणणाऱ्यापुढे ती तपासणीस उभी राहते. माझे सत्य वेगळे म्हणणाऱ्यापुढे ती खरोखर घडलेली गोष्ट ठेवते.

उपदेशकांस सूचना

१. जे निश्चित ठाऊक नाही ते ठामपणे सांगू नये. एक ऐकीव चमत्कार खोटा ठरला म्हणजे दहा खऱ्या गोष्टींवरील विश्वास जातो.

२. “माझे सत्य वेगळे” म्हणणाऱ्याशी एकदम वाद घालू नये. त्याची हकीकत मनापासून ऐकावी. मग त्याच्यावर कधी अन्याय झाला होता काय, व तो अन्याय केवळ त्याच्या मते अन्याय होता की खरोखरच, हे प्रेमाने विचारावे.

३. मंडळीची वागणूक तपासावी. तामीळ देशात अनेक वर्षे बिशप म्हणून सेवा केलेल्या लेस्ली न्यूबिगिन यांनी १९८९ साली लिहिले की, सुवार्तेप्रमाणे चालणारी मंडळी हेच सुवार्तेचे खरे स्पष्टीकरण आहे. प्रभुभोजनास आपण एका मेजाशी येतो आणि सोयरीक जुळविताना पूर्वीची जात विचारतो, तर शहरातून आलेला मुलगा आपले कोणते वचन खरे मानील?

विचारासाठी प्रश्न

१. जन्मांध मनुष्याने कोणत्या गोष्टी आपणास ठाऊक नाहीत असे सांगितले?

२. त्याचे आईबाप का गप्प राहिले? आपण कोणत्या प्रसंगी तसेच गप्प राहतो?

३. अनुवाद २६ प्रमाणे आपल्या घराण्याची कथा पाच वाक्यांत सांगा. तिच्यात देवाने काय केले?

४. आपल्या मंडळीतील कोणती चाल आपली साक्ष खोटी पाडते? ती मोडण्यास या महिन्यात काय करता येईल?

शेवटचा प्रश्न पंचांनी व उपदेशकांनी एकत्र बसून घ्यावा, आणि त्या बैठकीत तरुणांस प्रथम बोलू द्यावे.