कागद नाही, तरी जमीन आपली

साकोली, लाखनी, तुमसर. या बाजूला जंगल पुष्कळ. लोक उन्हाळ्यात मोह वेचतात. मग तेंदूपत्ता तोडतात. जंगलातल्या तुकड्यावर धानही होते. पण सातबारावर नाव नाही. नाकेदार आला की पोटात गोळा येई.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी जी वनजमीन कसतो, तिचा पट्टा त्याला मिळतो. चार हेक्टरपर्यंत. पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचे नाव. जमीन मुलांना जाते, विकता येत नाही. आदिवासी नसेल त्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. ही अट जड आहे खरी.

दावा ग्रामसभेपुढे करायचा. तिने निवडलेली वनहक्क समिती जागा पाहते. एकाहून जास्त पुरावे लागतात. जुने निस्तारपत्रक घरात पडले असेल, तर काढा! गावच्या म्हाताऱ्याची जबानी लिहून घ्या. तीही पुरावा. मात्र तो स्वतः दावेदार नसावा. दावा नामंजूर झाला, तर ६० दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज करा.

सगळ्या गावाचाही दावा होतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली.

हक्काबरोबर राखणही येते. नवी पाने चांगली फुटावीत म्हणून काही जण जंगलाला आग लावतात. त्यात मोहाची रोपे जळतात. ती आग थांबवायचा अधिकार आता ग्रामसभेला आहे.